वाहती माती

इंदिरानगर, नाशिक
४ ऑगस्ट २०२५

प्रिय मामा,

पाया पडते आणि लगेच रडायला लागते, रागावू नका. फोन केला असता, पण फोनवर मी इकडे ओरडते आणि तुम्ही तिकडे 'काय? काय?' करता. त्यात माझा घसा जातो आणि तुमचा संयम. त्यापेक्षा कागद बरा.

माझी माती बिघडली आहे. तुम्ही चाळीस वर्षं रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढलीत, आता भाचीसाठी थोडं डोकं खर्च करा. मी कप हाताने घडवत नाही हे तुम्ही पाहिलंय. मातीत पाणी आणि अगदी थोडं सोडियम सिलिकेट घालून ती ताकासारखी पातळ करायची आणि प्लास्टरच्या साच्यात ओतायची. साचा पाणी पितो, आतून मातीचा थर धरतो, उरलेली माती ओतून काढली की कप. ह्या ओतायच्या मातीला आम्ही स्लिप म्हणतो. वर्षभर ती गुणी मुलीसारखी वागली. गेल्या महिन्यापासून तिच्या अंगात आलंय. सकाळी केलेली स्लिप दुपारी दह्यासारखी जमलेली असते. साच्यात ओतायला जावं तर भदकन पडते. कप निघाले तर भेगा पडतात, भेगा नसल्या तर कान गळून पडतात. मी सिलिकेट वाढवलं, तर आणखी घट्ट. अजून वाढवलं, तर चमचा उभा राहिला. माती कालवणाऱ्या झुंबरबाई म्हणतात, "माती रुसली हाय ताई, तिला लय छळलंय तुम्ही." मला तर वाटतं तीच मला छळते आहे.

माती तीच आहे, दुकानदार तोच, साचे तेच. पाणीसुद्धा मी आता वाया घालवत नाही. मागच्या खोलीतल्या बेसिनचा पाइप जूनपासून खालच्या पिंपात सोडलाय. हात, बादल्या, साचे धुतलेलं सगळं मातकट पाणी पिंपात जातं आणि तेच पुन्हा नव्या मातीला वापरते. म्हणजे बाहेरचं काही मिसळायचा प्रश्नच नाही.

आणि हे सगळं नेमकं आत्ताच व्हायचं होतं! गंगापूर धरणाकडे एक नवं हॉटेल होतंय, त्यांच्या सगळ्या कपांची ऑर्डर माझ्याकडे आहे. दसऱ्याला हॉटेल उघडणार. तिकडे आल्हादची बदली पुण्याला झाली. आमच्यात असं ठरलं, की ही ऑर्डर पार पडली तर मी इथेच राहून काम वाढवायचं आणि त्याने शनिवार-रविवार यायचं. नाही पडली, तर भट्टी विकायची, मीही पुण्याला जायचं आणि पुन्हा कुणाच्या तरी ऑफिसात दुसऱ्यांच्या बंगल्यांचे नकाशे काढत बसायचं. हे मीच कबूल केलंय, तेही सगळ्यांसमोर आणि मोठ्या तोऱ्यात. आता तो रोज पुण्याहून फोन करतो आणि फक्त "मग?" एवढंच विचारतो. त्या "मग?"ची मला चीड येते.

सासूबाई काहीच बोलत नाहीत. अनसूयाबाई म्हणजे जन्मभर मुख्याध्यापिका, त्यांचं न बोलणंही शेरा मारल्यासारखं असतं.

काहीतरी उपाय सांगा. व्याख्यान नको.

तुमची,
वल्लरी

•

येवला
९ ऑगस्ट २०२५

चि. वल्लरी,

आशीर्वाद आहेतच, ते कुठे पळून जात नाहीत. आधी कामाचं.

तुझ्या पत्रात वैताग पानभर आहे आणि मोजमाप शून्य. 'थोडं सिलिकेट' म्हणजे किती? 'अजून वाढवलं' म्हणजे किती? स्वयंपाक करतेस की काम? आणि व्याख्यान नको म्हणतेस, तर ते होणार नाही. काय चाललंय हे समजल्याशिवाय उपाय केलास तर आजवर केलंस तेच पुन्हा करशील.

मातीचा कण डोळ्याला दिसत नाही इतका बारीक असतो. तो पाण्यात पडला की त्याच्या अंगावर ऋण विद्युतभार येतो. जिथे घन संपतो आणि द्रव सुरू होतो त्या सीमेवर विजेचा एक दाब उभा राहतो. त्याला झीटा पोटेन्शियल म्हणतात, तो मिलीव्होल्टमध्ये मोजतात, आणि माझी निम्मी नोकरी त्याच्यामागे गेली. सगळ्या कणांवर भार एकाच जातीचा, म्हणून ते एकमेकांना ढकलतात, जवळ येऊ देत नाहीत. भाऊबंदकी समज. ही भाऊबंदकी जोरात आहे तोवर प्रत्येक कण सुटा राहतो आणि माती वाहते. सिलिकेट घालतेस ते ह्या भांडणाला फूस लावायला.

आता पाण्यात दुसरे कुठले क्षार आले, की त्यांचे विरुद्ध भाराचे कण मातीच्या कणाभोवती गर्दी करतात. मधे पडणारी माणसं असतात ना, तशी. भांडणाचा आवाज पलीकडे पोचत नाही. मग भाऊ जवळ येतात, एकमेकांना चिकटतात, आणि एकदा बसले की उठायचं नाव घेत नाहीत. ह्यालाच तू दही म्हणतेस. सिलिकेटही शेवटी क्षारच. प्रमाणात घातलं तर भांडण लावतं, जास्त झालं तर तेच मिटवतं. म्हणजे तू औषध म्हणून बाटलीच्या बाटली रिचवलीस.

माझा संशय बोअरच्या पाण्यावर आहे. तुमच्या भागात महापालिकेचं पाणी आलं नाही की सोसायटी बोअर सुरू करते, हे मला माहीत आहे. त्यात चुना आणि मॅग्नेशियम भरपूर, दोन्ही ह्या बाबतीत महाबिलंदर. बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी आण, कोरी माती घे, बादलीभर करून बघ. सिलिकेट मोजून घाल. आणि लिहून ठेव!

इथे शेजारी मुस्तकीमचा पैठणीचा माग दिवसभर खटखटतो, असं सगळे म्हणतात. मी शांत असतो. बहिरेपणाचे फायदेही आहेत.

शामसुंदर मामा

•

नाशिक
१८ ऑगस्ट २०२५

मामा,

तुमची भाऊबंदकी वाचून हसू आलं, पण तेवढ्यापुरतंच.

सांगितलंत तसं केलं. बॅटरीचं पाणी आणलं, कोरी माती घेतली, सिलिकेट वजनकाट्यावर मोजलं. बादलीतली स्लिप अशी काही झाली म्हणून सांगू! रेशमासारखी धार. कप निघाले तेही गुळगुळीत. मी झुंबरबाईंना मिठी मारली आणि त्यांच्या पातळाला माती लागली म्हणून त्यांनी मला झापलं.

दुसऱ्या दिवशी मोठा घाणा घातला. बोअर बंद, फक्त महापालिकेचं पाणी, आणि पिंपातलं आपलं नेहमीचं. दुपारपर्यंत पुन्हा दही. मामा, मी ती सगळी माती हाताने उपसून काढली आणि उपसताना रडले. बादलीत जमतं ते पिंपात का जमत नाही? महापालिकेच्या पाण्यातही तुमचे ते मधे पडणारे आहेत का? मग वर्षभर कुठे होते?

मला आता सगळ्याचाच राग येतो. कुंभमेळ्यासाठी रस्ता खणून ठेवलाय, मातीचा टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच उभा राहतो आणि गोणी आम्ही ओढत आणतो, त्याचा राग येतो. आल्हादच्या "मग?"चा येतो. हॉटेलचा माणूस नमुने बघायला आला आणि कपाचा कान त्याच्या हातात राहिला, त्याने तो हळूच टेबलावर ठेवला आणि "नो प्रॉब्लेम, मॅडम" म्हणाला. त्याच्या त्या सभ्यपणाचा तर सगळ्यात जास्त राग आला.

आणि सासूबाई. हल्ली सारख्या मागच्या खोलीत येतात. पूर्वी मातीची धूळ सोसत नाही म्हणून उंबऱ्यावरूनच बोलायच्या. आता मी बाहेरून आले की त्या आतून निघताना दिसतात. काय हवंय विचारलं तर "काही नाही, बेसिनचा नळ ठिबकत होता." नळ ठिबकत नाही, मी पाहिलाय. काल जेवताना म्हणाल्या, "आल्हादने पुण्यात घर बघितलं का गं?" मी म्हटलं, "बघतोय." त्या "बरं" म्हणाल्या आणि ताटावरून उठल्या. माझं जाणं त्यांनी धरूनच ठेवलंय, मामा. कदाचित वाटही बघत असतील. घरभर माती, भट्टीचा उकाडा, कुणाला आवडेल?

पुढे काय करू? ह्या वेळी खरंच नुसता उपाय सांगा.

वल्लरी

•

येवला
२२ ऑगस्ट २०२५

वल्लरी,

बादलीत जमलं आणि पिंप मिसळल्यावर बिघडलं. ह्यावरून काय कळतं? मी शाळामास्तर नाही, पण हे सातवीतल्या मुलालाही कळेल. बोअरबद्दल मी चुकलो, ठीक आहे. आता पिंपाकडे बघ.

तीन स्वच्छ बाटल्या घे. एकीत नळाचं पाणी, दुसरीत पिंपातलं वरचं निवळलेलं पाणी, तिसरीत बिघडलेली माती. प्रत्येकीवर चिठ्ठी लाव. मागे तू रंगाचे नमुने पाठवलेस त्यावर 'हा' आणि 'तो' लिहिलं होतंस, तसं नको. एसटीच्या पार्सलने पाठव.

सासूचं आणि नळाचं मला सांगू नकोस. मला त्यातलं काही मोजता येत नाही.

मामा

•

येवला
१ सप्टेंबर २०२५

चि. वल्लरी,

बाटल्या पोचल्या. चिठ्ठ्या व्यवस्थित होत्या, म्हणजे आशा आहे.

इथल्या शाळेत जाऊन प्रयोगशाळेत थोडं सिल्व्हर नायट्रेट मागून घेतलं. ते थेंब-थेंब घातलं की पाण्यात मीठ असेल तर पांढरा साका बसतो. नळाच्या पाण्यात पुसटसं धुकं आलं, ते ठीक, सगळीकडे तेवढं असतं. पिंपाच्या पाण्यात घातलं आणि फाटलेल्या दुधासारखं झालं! तिथल्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. बोट बुडवून जिभेला लावलं. खारट! वल्लरी, नुसतं खारट नव्हे, वरणात चुकून दोनदा घातल्यासारखं. इतके दिवस तुम्ही दोघी त्यात कोपरापर्यंत हात घालताय आणि एकीलाही कळू नये?

तेव्हा गूढ काही नाही. साधं स्वयंपाकाचं मीठ. मातीच्या कणाभोवती भाराचं जे कवच असतं, ते मिठाने असं आवळून टाकलंय की कणांना एकमेकांची जरब उरलेली नाही. शिवाय तुझं पिंप बाहेर वाहून जातच नाही, पाणी फिरून फिरून तिथेच. एकदा गेलेलं मीठ बाहेर पडत नाही, रोज साठत जातं. तुझी काटकसर अंगाशी आली म्हण.

पिंप ओतून टाक, घासून धू. पाइप काढ. बिघडलेली माती पाण्यात मिसळून निवळू दे, वरचं पाणी फेक, असं पुन्हा पुन्हा कर, म्हणजे मीठ निघेल.

राहता राहिला प्रश्न, मीठ आलं कुठून? नळातून नाही, मातीतून नाही. बेसिनमध्ये कुणीतरी मीठ टाकतंय, आणि चिमूटभर नव्हे. कुणाचा हात आहे ते तू शोध. ते माझ्या बाटलीत दिसत नाही.

मामा

•

नाशिक
६ सप्टेंबर २०२५

मामा,

हात सापडला.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी दुकानात जाते म्हणून बाहेर पडले आणि मागच्या दाराने येऊन जिन्यापाशी उभी राहिले. असं चोरासारखं स्वतःच्याच घरात उभं राहायची वेळ यावी! थोड्या वेळाने सासूबाई आल्या. मूठ मिटलेली. आधी दाराकडे बघितलं. मग माझ्या फळीपाशी गेल्या, जिथे सुकायला ठेवलेले कप असतात. त्यांच्यावरून ती मूठ फिरवली, म्हणजे टाकू की नको असं चाललं असावं, बराच वेळ नुसता हात फिरत होता. ओठ पुटपुटत होते. मी सोडून ठेवलेला एप्रन खुंटीला होता, त्याच्यावरूनही हात फिरवला. मग बेसिनपाशी जाऊन नळाखाली मूठ धरली आणि मीठ सगळं विरघळेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. खडे मीठ होतं, मामा. मूठभर.

माझा तोल गेला. मी समोर जाऊन म्हटलं, "हे किती दिवस चाललंय?" त्या पांढऱ्याफटक पडल्या. मी म्हटलं, "मला घालवायचंच होतं तर तोंडाने सांगायचं होतं. मी भट्टी उचलून गेले असते. माझ्या मातीत मीठ कशाला कालवलंत?" त्या म्हणाल्या, "मातीत? मी कुठे मातीत..." मी पुढचं ऐकलंच नाही. म्हटलं, "पाइप कुठे जातो ते घरातल्या मांजरालाही माहीत आहे. का केलंत तेवढं सांगा." ह्यावर त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि काहीही सांगितलं नाही. एक शब्द नाही! ज्या बाईने जन्मभर मुलांकडून कारणं वदवून घेतली, तिला एक कारण देता येऊ नये? मी तेव्हा म्हणाले, "तुम्हाला मी ह्या घरात कधी नकोच होते." हे मी म्हणाले.

सकाळी त्या बॅग भरून बहिणीकडे नामपूरला निघून गेल्या. फोन बंद आहे. आल्हाद म्हणतो, "आई असं करणार नाही," आणि लगेच म्हणतो, "पण केलंच असेल तर कारण असेल." ह्या वाक्याचं मी काय करू?

पिंप धुतलं. पाइप काढला. स्लिप आजपासून सुरेख वाहते आहे. मला तिचा आनंद होत नाही.

वल्लरी

•

येवला
१० सप्टेंबर २०२५

वल्लरी,

तुझं पत्र वाचून मी कपाळावर हात मारून घेतला. तुझं मन मोठं आहे असं मी आजवर धरून चाललो होतो, निदान डोळे तरी उघडे असतील असं वाटलं होतं.

अगं वेडे, ती दृष्ट काढत होती!

जे डोळ्यांनी पाहिलंस ते तूच लिहिलं आहेस, मी काही नवीन सांगत नाही. मुठीत खडे मीठ. कपांवरून हात फिरवला, एप्रनवरून फिरवला. ओठ पुटपुटत होते. मग वाहत्या पाण्यात मीठ विरघळवलं, विरघळेपर्यंत जागची हलली नाही. मीठ विरघळलं की दृष्ट उतरली. तुझी आजी आपल्या घरी हेच करायची. मोहऱ्या आणि मिरच्या ती चुलीत टाकायची, पण तुमच्याकडे चूल कुठली? शिवाय मिरच्यांचा ठसका तुला कळला असता. घात करणारा माणूस मीठ थेट पिंपात ओततो, कपांना ओवाळत बसत नाही.

आता पुढचं बघ. तुझी माती बिघडली म्हणून ती दृष्ट काढायला लागली. दृष्टीचं मीठ पिंपात गेलं, माती आणखी बिघडली. आणखी बिघडली म्हणून तिने आणखी मोठी मूठ घेतली. अशी फेरी मी उभ्या नोकरीत पाहिली नाही. पहिल्यांदा माती कशाने बिघडली असेल? बहुतेक तुझ्याच सिलिकेटने, नाहीतर बोअरच्या पाण्याने. तेवढं चार दिवसांत सुधारलं असतं.

ती गप्प का राहिली हेही कळायला फार अक्कल लागत नाही. तूच मागे सांगितलं होतंस, शाळेत शिपायाने वर्गाच्या दाराला बांधलेले लिंबू-मिरच्या तिने सगळ्या मुलांसमोर तोडून फेकले होते. ती बाई सुनेसमोर उभं राहून 'मी दृष्ट काढत होते' म्हणेल? जीभ तोडून देईल.

मी तिलाही लिहितो आहे. पण माझं पत्र म्हणजे शास्त्र. तुझं तू लिही.

मामा

•

नाशिक
१५ सप्टेंबर २०२५

आई,

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून लिहिते आहे. पत्राला काय लिहून सुरुवात करावी ते कळत नाही, तेव्हा सुरुवात राहू दे.

मामांनी मला सांगितलं. मी इतके दिवस मामांना शंभर प्रश्न विचारले आणि तुम्हाला एकच विचारला, तोही ओरडून. मी जे शेवटी बोलले ते मी मागे घेते आहे, पण ते परत तोंडात जात नाही हेही मला माहीत आहे. मला माफ करा. अजूनही चिडचिड होते आहे, तुमच्यावर थोडी, माझ्यावर पुष्कळ. तुम्ही एकदा तरी म्हणायचं होतं, आई. मी हसले असते, पण हसून पाइप तरी काढला असता.

तुम्हाला हेही कळायला हवं की ऑर्डर गेली. हॉटेलवाल्यांनी खुर्जाहून तयार कप मागवले. त्यांना थांबणं शक्य नव्हतं, त्यांचंही बरोबर आहे. काल पत्र आलं आणि त्याच वेळी मागच्या खोलीत फळीभर कप सुकत होते, एकालाही भेग नाही. मी त्यांच्याकडे बघत बसले.

आल्हादने कोथरूडला घर ठरवलं आहे. दसऱ्यानंतर ट्रक येईल. मी जोरात कबूल केलं होतं, आता नाही कशी म्हणू? झुंबरबाई विचारत होत्या, "मोठ्या बाई कवा येणार?" मी सांगितलं, विचारून सांगते.

तुम्ही घरी या. आम्ही गेलो तरी हे घर तुमचंच आहे.

वल्लरी

•

नामपूर
२१ सप्टेंबर २०२५

चि. वल्लरीस,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या मामांचंही मिळालं. त्यांनी मला घन, द्रव आणि त्यांच्या मधल्या सीमेवरची वीज चार पानं समजावून सांगितली आहे. मी भूगोलाची शिक्षिका, कळलं तेवढं कळलं. एवढं मात्र पक्कं कळलं, की तुझी ऑर्डर माझ्या मुठीने बुडवली. पाइप पिंपात जातो हे मला ठाऊक नव्हतं. तू त्या दिवशी सांगितलंस तेव्हा पहिल्यांदा कळलं, आणि तेव्हाच तू 'का' विचारलंस. एका दमात दोन्ही मला झेपलं नाही.

दृष्टीवर माझा विश्वास नाही. आजही नाही. पण तू एकदा गुडघ्यात डोकं घालून त्या फुटक्या कपांपाशी बसली होतीस, आणि मला करण्यासारखं काहीच नव्हतं. भट्टी मला कळत नाही, माती कळत नाही. माझी आई जे करायची तेवढंच हाताला येत होतं. लाज वाटत होती म्हणून लपून केलं.

इथे बहिणीकडे दिवसभर कांद्याचे ट्रॅक्टर दारावरून जातात. ती मला सारखं म्हणते, "तुनी सून वाईट नही शे, तू घर जाय." तिला सगळं सांगितलं तर हसत सुटली. मला नाही हसू आलं.

तू लिहिलंस, मला माफ करा. ते झालं, पुन्हा लिहू नकोस. पण त्या दिवशी तू जे म्हणालीस, की मला तू घरात नको होतीस, त्याचं उत्तर द्यायला हवं. मामांनी लिहिलंय की मी तुझ्या भल्यासाठी करत होते. ते तितकंसं खरं नाही. मीठ ओवाळताना मी पुटपुटत काय होते ते तुला सांगते. 'हिचं हे काम जमू दे, म्हणजे ही जाणार नाही.' तुझं भलं त्यात होतंच, पण आधी माझं होतं. आल्हादचे वडील गेल्यावर त्या घरात मी वर्षभर रेडिओ बंद केला नव्हता. तू आलीस, मागच्या खोलीत तुझी आदळआपट सुरू झाली, आणि मग एकदा मला रेडिओ लावायची आठवणच राहिली नाही. पुण्याचं घर बघितलं का म्हणून विचारलं ते ह्या भीतीने. तू 'बघतोय' म्हणालीस आणि मी ताटावरून उठले.

हे मी तुला कधी म्हटलं नाही. सासूने 'राहा' म्हटलं की तो हुकूम होतो, आणि सुनेने ऐकलं तर ती माझ्यासाठी अडकली असं होतं. मला कुणी माझ्यासाठी अडकायला नको होतं. म्हणून तुला सोडून मिठाला सांगत बसले.

आता ऑर्डर गेली, ठरल्याप्रमाणे तुला जायला हवं. तुला थांबवायला माझ्या हातात काहीही कारण नाही. तरी म्हणते. वल्लरी, जाऊ नकोस. राहा.

नाही जमलं तरी मी रागावणार नाही, पण विचारलं नाही असं मला पुन्हा करायचं नाही.

अनसूया

•

नाशिक
२५ सप्टेंबर २०२५

आई,

तुम्ही लिहून विचारलंत म्हणून लिहूनच उत्तर देते. तोंडाने सांगायला गेले तर आपण दोघी पुन्हा दूध, गॅस, धोबी असलंच काहीतरी बोलत बसू.

राहते.

तुमच्यासाठी अडकले नाही. तुम्ही विचारेपर्यंत मला कळलंच नव्हतं, की मला जायचं नाहीये. ऑर्डर नाही, पुढची कधी मिळेल ठाऊक नाही, जोरात दिलेला शब्द मी तितक्याच जोरात मोडला आहे. हे पत्र पेटीत न टाकता मी गाडी काढते आहे, नामपूरला तुमच्या हातातच देईन. बॅग भरायला उशीर लावू नका.

ट्रक नको म्हणून आल्हादला कळवलं. तो भयंकर चिडला आहे आणि ह्या वेळी "मग?" न म्हणता बरंच काही म्हणाला. त्याला तुम्ही समजवा. तुमचा मुलगा आहे.

वल्लरी